गाव सोडण्याआधीचा हिशेब

वऱ्हाडात बदलीचा हुकूम आणि उन्हाळा बरोबरच येतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी महाराष्ट्राने २००५मध्ये कायदा केला. त्यात एका जागी राहण्याची मुदत साधारण तीन वर्षं धरली आहे आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असं म्हटलं आहे. शाळेचं वर्ष संपलेलं असतं, म्हणून हे महिने सोयीचे. पण अकोल्याचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या पुढचा पारा, आणि अमरावतीही त्यात फार मागे नाही. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पडत नाही, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि नेमक्या याच दिवसांत माणसं पंख्याखालची घरं मोडून दुसऱ्या गावी मांडायला निघतात. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, एवढीच काय ती सवड.

अमरावती आणि अकोला यांच्यात ही ये-जा फार जुनी. विभागीय आयुक्तांचं कार्यालय अमरावतीला, १९८३पासून विद्यापीठही तिथेच. कृषी विद्यापीठ १९६९पासून अकोल्याला. कापसाचा बाजार, डाळमिल, दवाखाने, शिकवण्या दोन्हीकडे. त्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड नेलेलं कुणी ना कुणी प्रत्येक नात्यागोत्यात सापडतं. अंतर म्हणाल तर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, की आलं अकोला. याच रस्त्यावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. एकेकाळी अंग खिळखिळं करणारा हा प्रवास आता सुखाचा झाला आहे.

आणि म्हणूनच या दोन गावांत घर हलवताना माणसं हमखास एक वाक्य बोलतात, ‘इथं तर जायचं आहे, खर्च यायचा तो किती?’ मला या वाक्याची फार काळजी वाटते. कारण घर हलवण्याचा खर्च अंतराचा नसतोच. शंभर किलोमीटर जा नाहीतर हजार, भिंतीवरचा गीझर तितकाच उतरवावा लागतो, नव्या घरमालकाला अनामत तितकीच द्यावी लागते, मुलांचे गणवेश तितकेच नव्याने शिवावे लागतात. अंतराप्रमाणे बदलतं ते फक्त गाडीचं भाडं. आणि सगळ्या हिशेबात गाडीचं भाडं ही एकच ओळ असते.

ही गोष्ट मला आईच्या वहीने शिकवली. वडिलांची नोकरी बदलीची. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, पुन्हा अकोला. हुकूम आला की आई खर्चाची लाल कापडी बांधणीची वही काढायची आणि कोऱ्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडायची. पहिला ‘निघण्याआधी’, दुसरा ‘निघण्याच्या दिवशी’, तिसरा ‘पोचल्यावर’. ट्रक, हमाल, वाटेतला चहा-नाश्ता हे सगळं मधल्या रकान्यात मावायचं. पहिला रकाना त्याहून लांब आणि तिसरा सगळ्यांत लांब. तिसऱ्या रकान्यात पडद्याच्या दांड्या, नळाचे वॉशर, बल्ब, झाडू, बादली, मुलांचे गणवेश, शाळेची फी, नवा रिक्षावाला, पाण्याचा ड्रम, आणि शेवटी नेहमी एक ओळ, ‘न सुचलेलं’. त्या ओळीपुढे ती एक रक्कम लिहूनच ठेवायची. नवं घर कुठे गळेल, कुठला नळ बंद असेल, हे राहायला गेल्याशिवाय कळत नाही. पण काहीतरी निघणार हे नक्की, म्हणून त्याची तजवीज आधीच.

सरकारी नोकराला बदलीचा प्रवासभत्ता मिळतो, सामानाच्या वाहतुकीचेही पैसे मिळतात. पण ते बहुतेक वेळा मागाहून, पावत्या जोडून, बिल मंजूर झाल्यावर. खर्च मात्र आधी आणि बराचसा रोखीने. शिवाय भत्त्याच्या नियमाला सामान कळतं, अंतर कळतं. नव्या खिडकीत न बसणारा कूलर कळत नाही. आणि खाजगी शाळेतला शिक्षक, दुकानातला मुनीम, औषध कंपनीचा प्रतिनिधी यांना बहुधा तेवढंही मिळत नाही. त्यांचं सगळं बिऱ्हाड स्वतःच्या पगारावर चालतं.

कूलरचं जरा तपशिलात सांगते, कारण आमच्याकडे घर हलवण्यातला सगळ्यांत अवघड नग तोच. वऱ्हाडात पत्र्याचा मोठा कूलर अजूनही घरोघरी आहे. स्थानिक कारागिराने पत्रा वाकवून केलेला, लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर बसवलेला, त्याच खिडकीच्या मापाचा. तो हलवायचा म्हणजे आधी आदल्या रात्री पाणी सोडायचं, नाहीतर सकाळी हमालांच्या पायांवर गंजाचं पाणी येतं. मग तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढायच्या. वाळा असेल तर तो वेगळा बांधायचा, लाकडाचा भुसा असेल तर टाकूनच द्यायचा, कारण एकदा वाळून आकसलेला भुसा पुन्हा नीट बसत नाही. पंप काढून कापडात गुंडाळायचा. स्टँडच्या पायांखालच्या विटासुद्धा बरोबर घ्यायच्या. एवढं करून अकोल्याला पोचावं, तर तिथली खिडकी चार बोटं अरुंद. मग लोहाराकडून पत्रा कापून घ्या, नाहीतर स्टँडची उंची वाढवा, नाहीतर प्लायवूडची फळी ठोका. घरात थंड हवा येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि ते दोन-तीन दिवस मे महिन्याचे असतात. म्हणून माझं सांगणं असं, की नवं घर बघायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी आणि स्वयंपाकघराच्या आधी खिडकी मोजावी. कूलर दुरुस्तीचा खर्च पहिल्या रकान्यात येतो, तिसऱ्यात नाही. आधी माणूस पाठवून कूलरची जागा करून घेतली, तर घरातलं लेकरू आणि म्हातारं माणूस पहिल्या रात्री झोपू शकतं.

दुसरा जड विषय धान्याचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाचं भरण करायची रीत आहे. गहू, ज्वारी, तुरीची डाळ उन्हं दाखवून कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. त्याच दिवसांत गच्चीवर कुरड्या, पापड, सरगुंडे, मूगवड्या वाळतात. म्हणजे घरातलं ओझं वर्षभरात सर्वांत जास्त असतं तेव्हाच बदलीचा हुकूम येतो. भरलेली कोठी पाहिली की हमाल दारातच थबकतो. ‘काकू, हे कोठी पयले रिकामी करा, मंग उचलतो. भरेल नाई उचलत आपण.’ त्याचं म्हणणं रास्त असतं. मग पुन्हा पोती आणा, पाला निवडा, धान्य पोत्यात भरा, पोत्याचं तोंड सुतळीने शिवा. हे काम कोण करतं? हमालाच्या मजुरीत ते येत नाही, गाडीवाल्याच्या भाड्यात येत नाही. घरातली बाई रात्री दहानंतर ते करते.

आईच्या वहीत हिशेब चोख असायचा, पण तिच्या स्वतःच्या कामाची ओळ मला कुठेच दिसली नाही. ती लिहायला हवी होती असं मला आज ठामपणे वाटतं. पैशांत नसेल लिहिता आली, तर दिवसांत लिहायची. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला दोन दिवस. कुरड्यांचे डबे वेगळे, तेही हातात धरून न्यायला. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती ड्रायव्हरच्या शेजारी, पायांमध्ये ठेवायला. पोचल्यावर स्वयंपाकघर लावायला चार दिवस. हे कागदावर आलं असतं, तर एखाद्या मदतनीस बाईची मजुरीही कागदावर आली असती, आणि वडिलांनी ती बिनतक्रार दिली असती. ते कद्रू नव्हते. त्यांना ती ओळ दिसतच नव्हती. जो खर्च वहीत लिहिला जात नाही, तो नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी अंगावर पडतो. बिऱ्हाडाच्या सगळ्या हिशेबाचं सार मला या एका गोष्टीत दिसतं.

घरमालकाकडच्या हिशेबातही असाच एक न दिसणारा भार असतो. समजा, नव्या घराचं भाडं आठ हजार आणि अनामत तीन महिन्यांची. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ धरलं तर किल्ली हातात येण्याआधी बत्तीस हजार गेले. जुन्या घराची अनामत मात्र किल्ली परत दिल्यावर मिळणार, तीही वीजबिल आणि रंगरंगोटीचे पैसे वजा करून. म्हणजे काही आठवडे दोन अनामती एकदम अडकतात. घर महिन्याच्या मधे हललं तर त्या महिन्यात दोन घरांचं भाडं. हे पैसे बुडत नाहीत, फिरून येतात, म्हणून माणसं ते हिशेबात धरत नाहीत. पण नेमके याच आठवड्यांत गाडीवाला, हमाल, शाळा, सुतार सगळे दारात उभे असतात. उसनवारी होते ती इथे. खर्च परवडतो की नाही हा एक प्रश्न झाला. त्या दिवशी पैसा हातात आहे की नाही, हा वेगळाच.

कराराच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. वरच्या उदाहरणात ते दोन-तीनशे रुपयांच्या घरात जातं, आणि महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. चोवीस हजारांच्या अनामतीची खात्री एवढ्यात होत असेल, तर ‘ओळखीचे आहेत, कायले पाहिजे कागद’ असं म्हणणं बरं नव्हे. ओळख टिकावी म्हणूनच कागद करायचा असतो.

गॅसचंही तसंच. १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत जून २०२२मध्ये १४५० रुपयांवरून २२०० झाली. जुन्या एजन्सीकडून ट्रान्स्फर व्हाउचर घेतलं, की जुन्याच अनामतीवर जोडणी पुढच्या गावी चालते. निघण्याच्या धांदलीत ते राहिलं, की नव्या गावात नव्या दराने सगळं. वीजमीटरचा आकडा निघताना आणि पोचताना, दोन्ही वेळा घरमालकासमोर लिहून घ्यावा. शाळा सोडल्याचा दाखला सुट्टी लागण्याआधी मागावा, कारण मे महिन्यात शाळेच्या कार्यालयात एकच लिपिक असतो आणि त्यालाही लग्नं असतात.

अमरावतीहून अकोल्याला येणाऱ्याने पाण्याची ओळ ठळक लिहावी. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. अकोल्यात नळ कित्येक दिवसांच्या अंतराने येतो आणि उन्हाळ्यात ते अंतर वाढतं. म्हणून साठवणाची सोय, म्हणजे टाकी, ड्रम, मोटर, ही चैनीची नव्हे, पहिल्याच दिवसाची गरज. बोअर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं जमिनीतलं पाणी खारं, भाजीला चालत नाही आणि डाळ शिजवत नाही. घर बघताना भिंतीचा रंग बघतो, तसं बोअरचं पाणी तोंडात घालून बघावं.

आता मधला रकाना. २००५मध्ये टाटा एस आली आणि छोट्या बिऱ्हाडांचा प्रश्न सुटला. लोक तिला ‘छोटा हत्ती’ म्हणतात. दोन खोल्यांचं सामान तिच्यात जातं. कोठी, दिवाण, कपाटं असतील तर ४०७ किंवा आयशर बोलवावी. छोट्या गाडीच्या दोन खेपांपेक्षा मोठ्या गाडीची एक खेप बहुतेक वेळा स्वस्त पडते. भाडं ठरवताना परतीच्या गाडीची चौकशी करावी. अकोल्याचा माल अमरावतीला उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीला एरवीही परत जायचंच असतं, ती कमी भाड्यात येते. मात्र तिची वेळ तिच्या मालावर अवलंबून असते, हे धरून चालावं. आणि भाव करताना तीन गोष्टी आधी बोलाव्यात. भरणं-उतरवणं दोन्ही धरून का? मजला कितवा? गाडी दारापर्यंत जाते का, की गल्लीच्या तोंडाशी थांबून सामान डोक्यावर न्यायचं? भांडण होतं ते याच तीन गोष्टींवरून, आणि ते होतं भर उन्हात, सामान रस्त्यावर असताना.

हमालांविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे. महाराष्ट्रात १९६९पासून माथाडी-हमालांसाठी कायदा आहे. बाजारांत आणि गोदामांत नोंदणी झालेल्या कामगारांना त्याने मजुरीची हमी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. चौकात सकाळी कामाची वाट बघत उभा असलेला, बिऱ्हाडाचं सामान उचलणारा माणूस बहुधा या छत्राबाहेर राहतो. त्याची मजुरी म्हणजे तुमची-त्याची बोलणी. दोन मजले जिन्याने फ्रीज पाठीवर घेऊन उतरताना पाय घसरला, तर त्याच्या पाठीशी कुणी नसतं. आपण भाव करतो तेव्हा शंभर रुपये वाचवल्याचं समाधान मिळतं, आणि ते शंभर रुपये कुणाच्या पाठीवरून आले हे वहीत लिहिलं जात नाही. म्हणून मे महिन्यात सामान पहाटे पाचला भरायला घ्यावं, नऊपर्यंत गाडी हलवावी. थंड पाण्याचा माठ सगळ्यांत शेवटी उचलावा. दोन्ही टोकांना जेवण किंवा नाश्ता आपला धरावा. आणि मजला वाढला, वजन वाढलं, तर ठरल्यापेक्षा जास्त आपणहून द्यावं. हा दानधर्म नाही, तो त्या दिवसाचा खरा खर्च आहे.

ज्यांना बिऱ्हाड हलवणं नको वाटतं, ते अपडाउन करतात. घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, रात्री परत. कागदावर हे स्वस्त दिसतं. रेल्वेचा पास नव्या घराच्या भाड्यापुढे काहीच नाही. मुलांची शाळा बदलत नाही, म्हाताऱ्यांचे डॉक्टर बदलत नाहीत, आणि काही घरांना खरोखर दुसरा मार्गही नसतो. पण अपडाउनचाही न लिहिलेला खर्च आहेच. तो जाणाऱ्याच्या झोपेत जातो, आणि घरी राहिलेलीच्या एकटीच्या धावपळीत जातो. निर्णय कोणताही घ्यावा, पण दोन्ही बाजूंच्या सगळ्या ओळी लिहून घ्यावा.

याच दोन जिल्ह्यांत घर हलवण्याचा एक फार मोठा हिशेब गेली वीसहून अधिक वर्षं चालू आहे, आणि त्याची आठवण ठेवल्याशिवाय आपल्या छोट्या हिशेबाविषयी बोलणं मला अपुरं वाटतं. मेळघाट हा १९७३-७४मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. या प्रकल्पातली बोरी, कोहा, कुंड आणि पुढे आणखी बरीच कोरकू वस्तीची गावं उठवून सातपुड्याच्या पायथ्याशी, काही अकोट-तेल्हारा भागात, म्हणजे अकोला जिल्ह्यात, नेऊन वसवली गेली. २००८पासून अशा पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरले, पुढे ते पंधरा लाख झाले. सरकारने वसवून द्यायचं झाल्यास या रकमेची विभागणीही ठरवून दिलेली होती. शेतजमीन घेऊन तयार करण्यासाठी ३५ टक्के, हक्कांच्या मोबदल्यासाठी ३० टक्के, घराची जागा आणि बांधकाम यासाठी २० टक्के, रस्ता-पाणी-वीज-स्मशानभूमी अशा गावाच्या सोयींसाठी १० टक्के, प्रोत्साहन म्हणून ५ टक्के.

हे अंदाजपत्रक मी अनेकदा निरखून पाहिलं आहे. ते निष्काळजीपणे केलेलं नाही. त्यात स्मशानभूमीसुद्धा आहे. पण जंगलात सरपण, मोह, तेंदूपान, कंदमुळं, गुरांचा चारा यांना पैसे पडत नव्हते, आणि सपाटीवर यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात. तो रोजचा खर्च टक्केवारीत कुठे दिसत नाही. हाती एकरकमी आलेला पैसा आणि दर आठवड्याच्या बाजाराला लागणारा पैसा यांची सांगड घालायला शिकावं लागतं, त्यालाही वेळ लागतो. केलपाणी, गुल्लरघाट या गावांचे लोक शेतजमीन, रोजगार आणि आरोग्याच्या सोयींच्या तक्रारी घेऊन पुन्हा जंगलातल्या जुन्या जागी गेले, आणि जानेवारी २०१९मध्ये तिथे त्यांचा आणि वनविभागाचा संघर्ष झाला, माणसं जखमी झाली. वाघाला जागा हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घर हलवणाऱ्याचा तिसरा रकाना, ‘पोचल्यावर’, नीट भरला नाही, तर माणसं पोचूनही पोचत नाहीत, हे या गावांनी दाखवून दिलं. लिहायचा राहिलेला खर्च इथेही गरिबाच्याच अंगावर पडला.

अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या या मुलखाला हिशेबाचा एक थोर गुरू लाभला, तो म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा जन्म, २३ फेब्रुवारी १८७६चा. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे. तिथे मामाची जमीन सावकारी कर्जात गेलेली त्यांनी पाहिली, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनातून एक गोष्ट न थकता सांगितली, की सण करू नका, जेवणावळी घालू नका, पण कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा. २० डिसेंबर १९५६ला ते गेले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. एक गाडगं, एक खराटा आणि अंगावरच्या चिंध्या एवढंच त्यांचं बिऱ्हाड. आपल्याला तसं राहणं जमणार नाही, पण बांधाबांध करताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘हिला न्यायला लागणाऱ्या पैशांइतकी ही लागते का’ एवढं विचारणं जमतं. आईने एका बदलीत जुना लाकडी पलंग शेजारच्या धुणंवाल्या मावशींना दिला. विकला असता तर थोडे पैसे आले असते, नेला असता तर मोठी गाडी लागली असती. दिला, तेव्हा गाडी लहान झाली आणि मावशींच्या घरी पलंग आला.

आणि कर्ज न ठेवण्याची गोष्ट मला इथे फार जवळची वाटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वडील एक फेरी करत. किराणावाला, दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, केमिस्ट. प्रत्येकाकडे उभं राहून उधारीचं पान मागायचं, बेरीज पडताळायची, पैसे द्यायचे आणि त्याच्याच पेनाने त्या पानावर आडवी रेघ मारायची. किराणावाले भाऊ म्हणायचे, ‘राहू द्या ना साहेब, अकोला काय लांब हाये? येनं-जानं राहतेच.’ वडील नम्रपणे हसायचे आणि पैसे पुढे करायचे. मला तेव्हा वाटायचं, की इतका आग्रह होतोय तर द्यावेत नंतर. आज कळतं, की नंतर ते कधीच दिले गेले नसते. मुद्दाम नव्हे, नव्या घराच्या खर्चात ते बुडाले असते. आणि ते दोन-चारशे रुपये त्या दुकानदाराच्या अंगावर पडले असते, ज्याने तीन वर्षं महिनाअखेरीला आपल्याला सांभाळून घेतलं.

बदल्यांचे महिने पुन्हा येतील, आणि वऱ्हाडात कुठल्या ना कुठल्या घरात ही वही उघडली जाईल. ज्यांच्या हातात ती असेल त्यांना माझं सांगणं आहे. गाडी ठरवण्याआधी तिन्ही रकाने भरा. नव्या गावातला एक महिन्याचा पूर्ण खर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय तारीख नक्की करू नका. घरातल्या बाईच्या कामाची ओळ लिहा, हमालाच्या पाठीची ओळ लिहा, ‘न सुचलेलं’ लिहा. आणि गावात कुणाचंही देणं बाकी ठेवून गाव सोडू नका.